घरून न आलेला ओटीपी

पाणीपुरवठा कार्यालयातल्या हेडक्लार्कना सायबर सुरक्षा जागृती अधिकारी नेमलं, ते त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत होतं म्हणून नव्हे. प्रत्येक कार्यालयाने असा एक अधिकारी नेमावा असं वरून परिपत्रक आलं, त्यावर बैठक बसली, आणि बैठकीच्या वेळी हेडक्लार्क दाढ काढायला गेलेले होते. गैरहजर माणसाच्या गळ्यात काय काय बांधलं जातं, हे नोकरीत केस पांढरे केलेल्या माणसाला ठाऊक असायला हवं. पण दाढ ठणकायला लागली की माणसाला परिपत्रकं दिसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सुजलेला गाल घेऊन ते आले आणि आदेश वाचून तडक साहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब, मी दोन बोटांनी टाइप करतो."

"म्हणूनच तुम्हाला निवडलं," साहेब म्हणाले. "एवढ्या सावकाश टाइप करणाऱ्याच्या हातून घाईत काही चुकत नाही. शिवाय महिनाअखेरीस मोठे साहेब स्वतः तुमचं भाषण ऐकायला येणार आहेत. अधीक्षकाची जागा रिकामी आहे. त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांसमोर कोण उभं असेल, याचा विचार करा."

हेडक्लार्कनी विचार केला. अधीक्षकाला स्वतंत्र खोली होती आणि खोलीला दार होतं. हेडक्लार्कचं टेबल पाण्याच्या टाकीकडे जायच्या वाटेत होतं. तहान लागलेला प्रत्येक माणूस त्याच्या कोपऱ्यावर मांडी आपटायचा आणि वर हेडक्लार्ककडेच रागाने बघत पुढे जायचा. येताना भरलेल्या ग्लासातलं थोडं पाणी फायलींवर सांडायचं, ते वेगळंच. हेडक्लार्कना मान नको होता. म्हणजे हवा होता, पण दार मिळालं असतं तर तो मागून आपोआप आला असता. त्यांनी जबाबदारी स्वीकारली.

मग त्यांनी परिपत्रकासोबत आलेली पुस्तिका वाचली, आणि कार्यालयाकडे जागृत नजरेने पाहिलं. प्रत्येकाचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून कॉम्प्युटरच्या कडेला चिकटवलेला होता. ज्यांना लपवाछपवी आवडायची, त्यांनी तो टेबलाच्या काचेखाली ठेवला होता, अक्षरं वर करून. नवीन नळजोडणी विभागाचा तर सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड होता, विभागाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. कोणी रजेवर गेलं तर दुसरा त्याच्या नावाने आत शिरून काम करायचा. याला कार्यालयात सहकार्य म्हणत असत आणि त्याबद्दल एकमेकांना चहा पाजत असत.

हेडक्लार्कनी एका दुपारी सगळ्या चिठ्ठ्या गोळा केल्या, सर्वांसमक्ष फाडल्या आणि छोटंसं भाषण केलं. भाषण बरं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र एकही माणूस आपल्या कॉम्प्युटरमध्ये शिरू शकेना. खिडकीबाहेर रांग वाढत चालली. नळजोडणीच्या बाई बराच वेळ पडद्याकडे बघत बसल्या आणि शेवटी रडवेल्या होऊन मोठ्याने म्हणाल्या, "अहो, कोणाला आठवतोय का आपला पासवर्ड?"

"विभागाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन," रांगेतून आवाज आला. एक म्हातारे गृहस्थ होते. "पहिलं अक्षर मोठं, बाई. दर वेळी तुम्ही ते विसरता."

"तुम्हाला कसं माहीत?" हेडक्लार्क गरजले.

"माझा अर्ज जुना आहे," गृहस्थ शांतपणे म्हणाले.

त्यांच्यामागे उभ्या असलेल्या दोघातिघांनीही माना डोलावल्या. त्यांचेही अर्ज जुने असावेत. हेडक्लार्कनी हा प्रसंग भाषणात घ्यायचं ठरवलं, पण मोठ्या साहेबांसमोर अर्ज किती जुने आहेत हा विषय निघू नये म्हणून नंतर वगळला.

कार्यालय म्हणजे पालथा घडा आहे, हे ध्यानात आल्यावर त्यांनी घराकडे मोर्चा वळवला. घरात बायको होती. ती घरीच मुलांना गणित शिकवायची, त्यामुळे तिला एखादी गोष्ट एकदाच सांगावी लागत असे. हेडक्लार्कनी ती अनेकदा सांगितली. फोनवर कोणी काहीही मागितलं तरी द्यायचं नाही. बक्षीस लागलं म्हणाले तर ऐकायचं नाही. वीज तोडतो म्हणाले तर घाबरायचं नाही. आणि ओटीपी, तो तर प्राण गेला तरी सांगायचा नाही.

"कळलं," बायको म्हणाली.

एवढ्यावर थांबले असते तर पुढचं रामायण टळलं असतं. पण शिकवलेलं पक्कं झालं की नाही याची परीक्षा घ्यावी असं पुस्तिकेत लिहिलं होतं. तेव्हा एका संध्याकाळी ते घरी येताना जिन्यातच थांबले, रुमाल तोंडाला लावला आणि घरी फोन केला.

"मी बँकेतून बोलतोय," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आपलं खातं बंद होणार आहे."

"होऊ दे. येताना ब्रेड आणलात का?"

हेडक्लार्क वर आले ते चिडूनच. ती म्हणाली, माझ्या फोनवर तुमचंच नाव दिसत होतं, आणि आवाजही तुमचाच होता. त्यावर हेडक्लार्कनी पुस्तिकेतलं ते पान काढून दाखवलं. हल्लीचे चोर नंबरही कोणाचा हवा तो दाखवतात आणि आवाजही हुबेहूब काढतात.

"म्हणजे तुमचं नाव दिसलं, तुमचा आवाज ऐकू आला, तरी विश्वास ठेवायचा नाही?"

"अजिबात नाही. मी स्वतः ओटीपी मागितला तरी द्यायचा नाही."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय! एकदा नाही म्हणजे नाही."

बायको पुन्हा वह्या तपासायला बसली. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताना माणसाला इतका अभिमान वाटत असेल, हे हेडक्लार्कच्या त्या वेळच्या चेहऱ्याकडे पाहिल्याशिवाय कोणाला पटणार नाही.

हे सगळं समोरच्या दारातून निवृत्त पोस्टमास्तर ऐकत होते. जिन्यातलं कुठलंही संभाषण आपल्यासाठीच चाललं आहे अशी त्यांची समजूत होती. त्यांनी लगेच सल्ला दिला. "नुसती घरची माणसं शिकवून काय उपयोग? सगळी इमारत तयार करा. आमच्या वेळी पाकीट फोडलेलं असलं तर डिंकाच्या वासावरून ओळखायचो आम्ही."

"पण फोनला वास नसतो, काका," हेडक्लार्क म्हणाले.

"तेच तर चुकतंय हल्ली," पोस्टमास्तर म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले.

त्यांनी फ्रीज दुरुस्त करणाऱ्याला परत पाठवलं, कारण त्याला बोलावणाऱ्या बाईंचं नाव सांगता आलं, पण त्यांच्या वडिलांचं सांगता आलं नाही. वरच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंच्या पाहुण्यांना त्यांनी उलटसुलट प्रश्न विचारले. पाहुण्यांनी गोंधळून दिलेल्या उत्तरांतून त्या घरातलं एक जुनं भांडण बाहेर आलं, आणि पाहुणे अर्ध्या जिन्यातूनच परत गेले. काकू हेडक्लार्कशी बोलेनाशा झाल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्रीजमधलं पाणी वाहत वाहत दुसऱ्या मजल्यावर आलं. जागृती होत होती, एवढं मात्र खरं.

आता उरला हेडक्लार्कचा स्वतःचा पासवर्ड. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण, असं कोणी म्हणायला नको म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यांनी तो बदलला. कार्यालयातल्या कॉम्प्युटर ऑपरेटरने सांगितलं होतं, की एखादं लांबलचक वाक्य घ्या आणि मधली काही अक्षरं काढून आकडे घाला. हेडक्लार्कनी पाण्याच्या काटकसरीवर एक सुंदर वाक्य रचलं. त्यात आकडे घातले, एक तारा घातला, एक उद्गारचिन्ह घातलं. ते कुठेही लिहून ठेवलं नाही. शिवाय किल्ली आणि कुलूप एकाच खिशात ठेवू नये या विचाराने, पासवर्ड विसरल्यास ओटीपी कोणत्या फोनवर पाठवायचा तिथे त्यांनी बायकोचा नंबर दिला. संपूर्ण भाषण, चित्रांसकट, त्या कुलपाच्या आत होतं. घरचीही सगळी महत्त्वाची कागदपत्रं त्यांनी त्याच दिवशी स्कॅन करून त्याच कुलपात हलवली आणि मूळ प्रती बायकोला बरोबर घेऊन बँकेच्या लॉकरमध्ये नेऊन ठेवल्या.

सकाळी कार्यालयात आले तेव्हा त्यांना वाक्य लख्ख आठवत होतं. कोणत्या अक्षरांचे आकडे केले, तेवढं आठवत नव्हतं.

त्यांनी ऑपरेटरला गाठलं. "पासवर्ड बदलून द्या, पटकन."

"अर्ज करा की," ऑपरेटर म्हणाला.

"द्या कागद."

"कागद नाही चालत आता. अर्ज कॉम्प्युटरवरून करायचा. तुमच्या लॉगिनने."

"अहो, लॉगिन होत नाही म्हणूनच तर अर्ज करायचाय!"

"हो, कारण म्हणून तेच लिहायचं असतं," ऑपरेटर म्हणाला. मग त्याला दया आली. "नाहीतर ओटीपीचा मार्ग आहे. तीनदा चुकवा, मग पडदा आपण होऊन ओटीपी पाठवतो. तुमच्या मिसेसना फोन करून विचारून घ्या. दोन मिनिटांचं काम."

एवढ्यात मोठे साहेब आलेच. पुष्पगुच्छ झाला, परिचय झाला, आणि ऑपरेटरने हेडक्लार्कच्या कॉलरला माईक लावून त्यांना सभागृहात कॉम्प्युटरपुढे उभं केलं. तो कॉम्प्युटर भिंतीवरच्या पडद्याला जोडलेला होता. हेडक्लार्कनी दोन बोटांनी वाक्य टाइप केलं. भिंतीवर लाल अक्षरांत उमटलं, पासवर्ड चुकीचा आहे. त्यांनी तारा मागे घेतला. चुकीचा आहे. उद्गारचिन्ह पुढे नेलं. चुकीचा आहे. पहिल्या रांगेत मोठे साहेब हाताची घडी घालून हे वाचत होते. मागून नळजोडणीच्या बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "एक-दोन-तीन करून बघा." दार डोळ्यांदेखत बंद होत होतं, आणि ते बाहेरच्या बाजूला होते.

भिंतीवर मजकूर आला, की ओटीपी पाठवला आहे. त्यांनी बायकोला फोन लावला. फोन स्पीकरवर टाकूनच बोलायची त्यांची सवय होती आणि कॉलरला माईक आहे हे ते विसरले होते. त्यामुळे घंटी साऱ्या सभागृहात घुमली.

"हॅलो. अगं, मी बोलतोय. तुझ्या फोनवर एक ओटीपी आला असेल, तेवढा सांग."

फोन बंद झाला.

सभागृहात कोणीतरी खोकलं. हेडक्लार्कनी पुन्हा फोन लावला आणि मोठ्या साहेबांच्या देखत बोलायचं म्हणून आवाजात शक्य तेवढं मार्दव आणलं. "हे बघ, मी खरंच मी आहे. प्लीज, जरा ओटीपी सांगतेस का?"

"काका, लवकर इकडे या!" पलीकडून बायकोचा आवाज आला. "ह्यांच्या नावाने कोणीतरी ओटीपी मागतोय. आवाज अगदी हुबेहूब काढलाय हो. तोच कुरकुरता सूर. पण 'प्लीज' म्हणाला. आमचे हे जन्मात कधी प्लीज म्हणालेले नाहीत."

"अगं, साहेब समोर आहेत म्हणून म्हणालो!"

मग फोनवर पोस्टमास्तर आले. "कोण आहेस रे तू? लाज नाही वाटत, दुसऱ्याच्या नवऱ्याचा आवाज काढायला?"

"काका, मी आहे. तुमचा शेजारी. तुम्हाला चांगला ओळखतो मी!"

"चोराच्या उलट्या बोंबा! वडिलांचं नाव सांग."

हेडक्लार्कनी सांगितलं.

"हे कोणालाही मिळतं," पोस्टमास्तर म्हणाले. फ्रीजवाल्याने हे ऐकलं असतं तर त्याला काय वाटलं असतं, कोण जाणे. "ताई, तुम्ही विचारा. घरातलं काहीतरी. जे नवऱ्यालाच माहीत असेल असं."

मग बायकोने वर्गात विचारावा तसा स्पष्ट आवाजात प्रश्न विचारला.

"आपल्या लग्नाची तारीख सांगा."

सारं सभागृह पुढे झुकलं. मोठ्या साहेबांनी घडी सोडून हात गुडघ्यांवर ठेवले. हेडक्लार्कनी कपाळ पुसलं, छताकडे पाहिलं, मनातल्या मनात बोटं मोजली आणि एक तारीख सांगितली. खात्री वाटावी म्हणून वारही सांगितला.

"महिना बरोबर आहे," बायको म्हणाली. "तारीख चूक. वारसुद्धा चूक."

"पकडला!" पोस्टमास्तर ओरडले. "मी पोलिसांना लावतो फोन!"

"थांबा काका. हेच आहेत."

"अहो, पण उत्तर चुकलं ना?"

"म्हणूनच. चोर असता तर पाठ करून आला असता."

सभागृहात जो हशा उसळला, तो ऐकून चौकीदार आत येऊन पाहून गेला. हेडक्लार्कच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांना त्या क्षणी मनापासून वाटलं, की आपण खरोखरच चोर असतो तर बरं झालं असतं; निदान अब्रू तरी दुसऱ्याची गेली असती. तरी त्यांनी कर्तव्य सोडलं नाही.

"बरं, आता ओळख पटली ना? मग सांग ओटीपी."

"तो नाही सांगणार."

"आता का नाही?"

"मी मागितला तरी द्यायचा नाही, असं तुम्हीच बजावलंत. मी दोनदा विचारून घेतलं होतं. अनोळखी माणसाला काय, कोणीही नाही म्हणेल." तिचा आवाज जरा खाली आला. "तुम्हाला नाही म्हणताना मलाही बरं वाटत नाहीये. पण एकदा सोडलं, की दुसऱ्यांदाही सोडावंसं वाटतं. दूध उतू जातंय, ठेवते."

फोन बंद झाला. भिंतीवर ओटीपीची मुदत संपल्याचं लाल अक्षरांत उमटलं. हेडक्लार्क हात जोडून साहेबांकडे वळले. माफीपासून सुरुवात करावी असं त्यांनी ठरवलं होतं.

तेवढ्यात मोठे साहेब उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. ते टाळ्या वाजवताहेत म्हटल्यावर सभागृहही उभं राहिलं.

"इतकी कार्यालयं झाली," मोठे साहेब म्हणाले, "सगळीकडे तीच चित्रं आणि तीच भाषणं. पण हे! नवरा स्वतः विनवतोय आणि बाई देत नाहीत. लोकांच्या हे लक्षात राहील. हे सगळं तुम्ही बसवलं होतं?"

हेडक्लार्कनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी त्यांचे साहेब म्हणाले, "महिनाभर घरी तालीम चालली होती, सर."

हे खोटं नव्हतं. हेडक्लार्कनी तोंड मिटलं.

"ज्याच्या घरून ओटीपी बाहेर पडत नाही, त्याच्या हाती कार्यालय द्यायला हरकत नाही," मोठे साहेब म्हणाले. "हाच कार्यक्रम बाकीच्या कार्यालयांतही करा. असाच. त्या तारखेच्या विनोदासकट."

अशा रीतीने हेडक्लार्क अधीक्षक झाले. सगळं कार्यालय म्हणालं, जागा घरच्या बाईंना मिळाली, हे फक्त बसायला जाणार. पोस्टमास्तरांनी इमारतीत सांगितलं, की खरी तालीम आपणच घेतली. घरी बायकोने अभिनंदन केलं, चहा केला आणि तारखेबद्दल चकार शब्द काढला नाही. नव्या अधीक्षकांनी आडून आडून विचारून पाहिलं, तर ती एवढंच म्हणाली, "महिना बरोबर होता की. बराच पल्ला गाठलात."

चेष्टा बाजूला ठेवली तरी अडचण खरी होती. आता दर आठवड्याला एकेका कार्यालयात, भरल्या सभेत, तारीख चुकवायची होती. चुकवायची तर आधी बरोबर माहीत हवी. नाहीतर एखाद्या दिवशी चुकून बरोबर सांगितली जायची आणि कार्यक्रम कोसळायचा. आणि खरं सांगायचं तर त्यांना मनातून शरम वाटत होती. ती सभागृह हसत असताना वाटली नाही, घरी चहाचा कप हातात घेताना वाटली. लग्नाचा दाखला शोधावा तर तो ऑपरेटरलाही न उघडलेल्या कुलपात होता. मूळ प्रत लॉकरमध्ये होती आणि लॉकर दोघांच्या सह्यांनीच उघडत असे.

अधीक्षकांच्या खोलीत पहिल्या दिवशी त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे दार लावून घेतलं. कडीही घातली. मग स्पीकर बंद आहे याची खात्री करून सासूबाईंना फोन लावला.

"आई, नमस्कार. मी बोलतोय, तुमचा जावई. तब्येत बरी ना? नाही, सहजच केला. एक बारीकशी माहिती हवी होती. आमच्या लग्नाची तारीख जरा सांगता का?"



"असं बघा," सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही जावई असाल, तर ती तुम्हाला माहीत असणार. आणि नसाल, तर मी सांगणार नाही."